दुकानातील मांडणीचे हलके आधार

दुकानातील मांडणीचे हलके आधार म्हणजे विक्रीचा माल गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आणि हाताच्या टप्प्यात ठेवण्यासाठी वापरले जाणारे कमी वजनाचे, बहुधा सुटे किंवा घडीचे होणारे सांगाडे, फळ्या, दांड्या, जाळ्या, ब्रॅकेट व स्टँड होत. माल पेलणे, तो दिसू देणे आणि रोज हलवता येणे अशी तिहेरी अपेक्षा त्यांच्याकडून असते. आधार हलका केला तरी मालाचे वजन कमी होत नाही. ते वजन दांडीतून खांबात, खांबातून जमिनीत, भिंतीत किंवा छतात कोठेतरी पोहोचतेच. हा मार्ग आधीच ठरवणे हा हलक्या आधाराच्या आराखड्याचा गाभा आहे. तो न ठरवल्यास दांडी वाकते, स्टँड उलटतो किंवा ब्रॅकेट भिंतीतून उपटून येतो.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग शहरांत या विषयाचे बहुतेक पैलू एकत्र पाहायला मिळतात. लहान गाळे, दाट वस्ती, तयार कपड्यांचा मोठा व्यापार, जुन्या इमारती, कोकणचा पावसाळा आणि उल्हास नदीचा पूर या सर्वांचा मांडणीवर परिणाम होतो.

संज्ञा

मराठीत ‘मांडणी’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक, वस्तू नेटकेपणाने ठेवण्याची क्रिया. दुसरा, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून किंवा टांगून ठेवलेली भांड्यांची फळ्यांची चौकट. दुकानातील ‘रॅक’ ही याच मांडणीची वाढवलेली आवृत्ती म्हणता येईल. घरगुती वापरातील इतर आधारांचीही दुकानात सरळ रूपांतरे झाली आहेत. घागरी ठेवण्याची घडवंची म्हणजे उघड्या चौकटीचा स्टँड, तीन पायांची तिवई म्हणजे लहान शोभेचे टेबल, कपडे वाळत घालायची दांडी म्हणजे हँगरची दांडी, तर शिंके म्हणजे छतावरून लोंबणारी टोपली. गौरी-गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारा गौरीचा स्टँडही याच कुळातील आहे. लोखंडी पट्ट्यांचा पोकळ सांगाडा, त्यावर नेसवलेली साडी आणि वर ठेवलेला मुखवटा ही रचना कापडाच्या दुकानातील पुतळ्याहून तत्त्वतः वेगळी नाही. आकार कापड देते, सांगाडा फक्त कापड धरून ठेवतो.

व्यापारी बोलीत रॅक, हँगर, स्टँड, जाळी, हुक, चॅनल, ब्रॅकेट, काउंटर व शोकेस हे इंग्रजीतून आलेले शब्दच प्रचारात आहेत. किराणा दुकानात शाम्पू, पानमसाला किंवा वेफर्सच्या एकमेकांना जोडलेल्या पुड्यांच्या पट्टीला ‘लडी’ किंवा ‘माळ’ म्हणतात. १९८०च्या दशकात शाम्पूच्या पुड्यांचा खप वाढल्यापासून एक दोरी किंवा तार आणि दोन खिळे एवढ्यावर किराणा दुकानाचा दर्शनी भाग भरू लागला. मालाच्या तुलनेत आधाराचे वजन पाहिल्यास याहून हलकी मांडणी सापडणे कठीण आहे.

स्थानिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीच्या बराकींमध्ये वसवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे भाग आजही कॅम्प क्रमांक १ ते ५ या नावांनी ओळखले जातात. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत पाच लाखांवर होती. जागेच्या या टंचाईचे प्रतिबिंब दुकानांच्या आकारात पडते. कापडाचे गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचर बाजार आणि कॅम्प क्रमांक ५ परिसरातील जीन्सचा व्यवसाय यांमुळे उल्हासनगर हे घाऊक व किरकोळ खरेदीचे केंद्र झाले आहे.

अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आहेत. अंबरनाथमध्ये शस्त्रास्त्र कारखाना आहे, तसेच वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी अर्थात ‘विमको’चा आगपेट्यांचा कारखाना येथे दीर्घकाळ होता. जुनी आगपेटी कागदाइतक्या पातळ लाकडी चिपेला घड्या पाडून बनवली जाई. पातळ पदार्थाला घडी घालून ताठपणा आणण्याचे ते एक चांगले उदाहरण आहे. पत्र्याच्या फळीची दुमडलेली कड आणि पुठ्ठ्याचा डिस्प्ले याच तत्त्वावर उभे असतात.

लहान गाळ्यात मालाचा मोठा भाग सकाळी ओट्यावर किंवा शटरच्या चौकटीत मांडला जातो आणि रात्री आत घेतला जातो. त्यामुळे स्टँड एका माणसाला उचलता येणे, शटरखालून व दोन काउंटरांमधून जाणे आणि आत गेल्यावर घडी होऊन भिंतीला लागणे या अटी आराखड्यात पहिल्याच पायरीला येतात. मोठ्या मॉलमधील दुकानासाठी बनवलेला जड, न हलणारा रॅक येथे गैरसोयीचा ठरतो. दुसरीकडे, ओट्यावरचा हलका स्टँड वारा, पाऊस आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे धक्के यांच्याही तोंडी असतो.

लोकलमधील फेरीवाल्यांची मांडणी

मध्य रेल्वेच्या कल्याणपुढील कर्जत मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके आहेत. उपनगरी गाड्यांच्या, विशेषतः महिलांच्या डब्यांत कानातली, क्लिपा, टिकल्या, रुमाल विकणारे फेरीवाले एका हुकाने डब्यातील दांडीला अडकवता येईल असा पुठ्ठ्याचा किंवा जाळीचा फलक वापरतात. फलकाला पाय नसतात. गाडीची दांडी हाच खांब. माल दोन्ही बाजूंनी टाचलेला असल्याने फलक सरळ लोंबतो आणि गाडी हलली तरी पडत नाही, कारण गुरुत्वमध्य टांगण्याच्या बिंदूच्या खाली असतो. जमिनीवर उभ्या स्टँडमध्ये तो तळाच्या वर असतो. टांगलेली वस्तू कलली की वजनच तिला मागे आणते, तर उभी वस्तू ठरावीक मर्यादेपलीकडे कलली की वजनच तिला पाडते. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४४ नुसार गाडीत विनापरवाना फेरी करणे हा गुन्हा आहे. स्थानक येताच फलक काही क्षणांत पिशवीत जाईल अशी त्याची रचना असते, त्यामागे हेही एक कारण आहे.

भार आणि वाक

आराखड्याची सुरुवात माल मोजण्यापासून होते. प्रौढ माणसाची एक जीन्स साधारण ६०० ग्रॅम भरते. हँगरला लावलेल्या जीन्स दाटीने ठेवल्यास एक मीटर दांडीवर सुमारे ४० बसतात. म्हणजे मीटरला २४ किलो, हँगर धरून २५ किलो. सुती टी-शर्ट १५० ते २०० ग्रॅमचे असतात, त्यामुळे त्याच दांडीवर त्यांचा भार एक तृतीयांशाच्या आसपास येतो. टी-शर्टसाठी घेतलेल्या स्टँडवर पुढच्या हंगामात जीन्स लावल्या जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून दांडी आजच्या मालाला पुरते एवढे पाहून भागत नाही, त्यावर बसू शकणाऱ्या सर्वांत जड मालाचा हिशेब धरावा लागतो.

दांडी भरीव असावी की पोकळ, याचे उत्तर आकड्यांतून स्पष्ट होते. बाहेरून २५ मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी मीटरला सुमारे ०.७ किलो भरते. तेवढ्याच वजनाची भरीव सळई जेमतेम १०.७ मिलिमीटर व्यासाची होते, आणि वाकण्याला नळीचा विरोध त्या सळईच्या जवळपास दहापट असतो. उलट, नळीऐवजी २५ मिलिमीटरची भरीव सळई घेतली तर वजन साडेपाचपट होते, पण ताठपणा केवळ तिप्पट वाढतो. वाकताना पदार्थाच्या मध्यभागी ताण फारसा नसतो. वरच्या कडेला दाब आणि खालच्या कडेला ओढ येते. मधला पदार्थ काढून तो कडेला नेला की कमी वजनात जास्त ताठपणा मिळतो. बांबूत निसर्गाने हेच साधले आहे, आणि पेरांच्या जागी आडवे पडदे देऊन नळी चेपण्याचाही बंदोबस्त केला आहे. दुकानातल्या नळीला असे पडदे नसतात, त्यामुळे ती चेपली गेली की लगेच दुमडते. वापरलेली नळी घेताना चेपे पाहावेत असे म्हणतात ते यासाठी.

दांडीच्या जाडीपेक्षाही निर्णायक ठरते ती दोन आधारांमधली लांबी. मीटरला ठरावीक भार असेल तर वाक लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. वरील नळीवर मीटरला २५ किलो माल असल्यास एक मीटर अंतरात ती मध्यभागी सुमारे २.५ मिलिमीटर वाकते, डोळ्यांना हे जाणवतही नाही. दीड मीटरला हा वाक १३ मिलिमीटरवर जातो आणि दोन मीटरला सुमारे ४० मिलिमीटरवर. दोन मीटरला नळीतील ताण २४० मेगापास्कलच्या जवळ पोहोचतो, आणि साधे पोलाद सुमारे २५० मेगापास्कलला कायमचे वाकते. अशी दांडी पहिल्या दिवशी मोडत नाही, पण कोणी हात टेकला की वाकलेली राहते. हँगर मग मधल्या खोलगट भागाकडे घसरतात, मध्यावरचा भार वाढतो आणि वाक आणखी वाढतो. उपाय स्वस्त आहे: मध्यभागी एक खांब, किंवा भिंतीतून आलेला एक हुक. दुप्पट जाड नळीपेक्षा एक हुक हलका पडतो.

फळ्यांनाही हाच नियम लागू होतो. प्लायवूडची जाडी १२ ऐवजी १८ मिलिमीटर केल्यास वजन दीडपट आणि ताठपणा जवळजवळ ३.४ पट होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. मात्र जाडी तीच ठेवून ब्रॅकेटमधील अंतर ९० वरून ६० सेंटिमीटरवर आणले तर वाक एक पंचमांश होतो, आणि फळीच्या वजनात काहीच भर पडत नाही. लाकूड, एमडीएफ व अॅक्रिलिक यांना आणखी एक सवय आहे. सतत भार राहिला तर ती महिनोन्महिने हळूहळू वाकत जातात. अशा फळ्या काही काळाने उलट्या करून लावण्याची पद्धत आहे. पत्र्याच्या फळीचा ताठपणा तिच्या दुमडलेल्या कडांत असतो. किंमत कमी करण्यासाठी कड लहान केलेली फळी दिसायला सारखीच असते, वागायला मात्र नाही.

उभ्या चौकटीत तिरपी पट्टी नसेल तर चौकोन समांतरभुज होऊन एका बाजूला झुकतो, मग खांब कितीही जाड असोत. त्रिकोण मात्र बाजूंची लांबी न बदलता आकार बदलू शकत नाही. म्हणून रॅकच्या मागे तिरपी पट्टी, पत्रा किंवा ताणलेली तार लावतात. मागील पत्रा दृश्याआड येतो या कारणाने काढला जातो, तेव्हा रॅकचा खरा आधारच निघालेला असतो.

उलटण्याचा धोका

हलक्या आधाराची सर्वांत गंभीर अडचण वाकण्याची नसून उलटण्याची आहे. जड लाकडी कपाट स्वतःच्या वजनाने उभे राहते, हलक्या स्टँडला ती सोय नाही. १.५ मीटर उंच, ४० सेंटिमीटर रुंद तळाचा आणि मालासह २० किलोचा स्टँड घेतला, तर वरच्या टोकाला साधारण २.७ किलो वजनाइतका आडवा जोर त्याला उलटवण्यास पुरेसा होतो. एखादा ड्रेस हँगरसह ओढताना इतका जोर लागतो. लहान मूल लोंबकळले तर त्याहून अधिक. तळ ६० सेंटिमीटर केल्यास हा आकडा ४ किलोपर्यंत जातो. माल विकला जाऊन स्टँड रिकामा होत गेला की जोर त्याच प्रमाणात कमी लागतो. चार किलोचा रिकामा स्टँड अर्ध्या किलोच्या धक्क्यानेही कलंडतो, मग वारा असो किंवा झाडू. त्यामुळे माल भरलेला स्टँड सुरक्षित असला तरी संध्याकाळचा अर्धा रिकामा स्टँडही सुरक्षित असेलच असे नाही.

पायांची संख्याही महत्त्वाची असते. तिवई उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही, कारण तीन बिंदू नेहमी एका प्रतलात असतात. पण पायांची टोके जोडणाऱ्या रेषांच्या बाहेर गुरुत्वमध्य गेला की वस्तू उलटते, आणि तीन पायांत ही रेष मध्याच्या जवळ असते. पाय मध्यापासून ३० सेंटिमीटरवर टेकत असतील तर तीन पायांत ही कड १५, चार पायांत सुमारे २१ आणि पाच पायांत सुमारे २४ सेंटिमीटरवर असते. कार्यालयातील फिरत्या खुर्चीला पाच पाय असतात ते याचमुळे. गोल फिरत्या स्टँडलाही तेच योग्य. अशा स्टँडवर एका बाजूचा माल आधी संपल्यास तो एकांगी होतो, म्हणून उरलेला माल अधूनमधून सर्व बाजूंना वाटून लावावा लागतो.

स्टँडचे स्वतःचे वजन न वाढवता स्थैर्य मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग मालातच आहे. जड वस्तू खाली, हलक्या वर. बुटांचे खोके, घड्या घातलेल्या जीन्स, बादल्या, तेलाचे डबे तळाच्या फळीवर ठेवले की तेच वजनाचे काम करतात आणि रात्री वेगळे उचलले जातात. बिडाचा जड तळ लावलेले स्टँडही मिळतात, पण रोज आत-बाहेर करणाऱ्याला ते नकोसे होतात. चाके लावलेल्या स्टँडला किमान दोन चाकांवर अडकण असावी. उतरत्या ओट्यावर अडकण नसलेले चाक हे पाय नसण्यासारखेच आहे.

भिंत, छत आणि जमीन

भिंतीवरील ब्रॅकेट जागा अजिबात अडवत नाही, त्यामुळे लहान गाळ्यात त्याला पसंती असते. ३० सेंटिमीटर खोलीच्या फळीवर १५ किलो माल सारखा पसरलेला असेल आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या स्क्रूमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या स्क्रूवर भिंतीतून बाहेर ओढणारा जोर सुमारे २२ किलो येतो. स्क्रूमधील अंतर २० सेंटिमीटर केले की तो निम्मा होतो. मालापेक्षा माणसाचा हात अधिक घातक असतो. फळीच्या पुढच्या कडेवर २० किलोच्या जोराने कोणी रेलले, तर त्या एकाच कृतीने वरच्या स्क्रूवर आणखी ६० किलोचा ओढा पडतो. खाली लांब पाय असलेला ब्रॅकेट म्हणूनच दिसण्यापुरता नसतो.

स्क्रू कशात बसला आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते. गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाड असतो आणि त्याला ओढ सोसण्याची ताकद जवळपास नसते. प्लास्टिकचा प्लग गिलावा ओलांडून विटेत गेला पाहिजे. दोन गाळ्यांमधील चार इंची भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर भोके पाडल्यास वीट फुटते, तेव्हा शेजारच्या दुकानातील फळ्या कोठे आहेत हे पाहणे आवश्यक ठरते. जिप्समच्या पोकळ भिंतीवर माल टांगायचा असल्यास स्क्रू आतील धातूच्या चौकटीत घ्यावा लागतो.

छताला टांगलेल्या जाळ्या व दांड्या दिसायला सर्वांत मोकळ्या असतात. उल्हासनगरात मात्र हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. येथील अनेक इमारती अनधिकृत बांधल्या गेल्या, आणि त्या नियमित करण्यासाठी राज्य शासनाला २००६ मध्ये केवळ या शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये शहरातील दोन निवासी इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली. जुन्या स्लॅबमधील लोखंड गंजले की फुगते आणि खालचा काँक्रीटचा थर सुटतो. अशा थरात बसवलेला अँकर बोल्ट वरवर घट्ट वाटला तरी थरासकट खाली येऊ शकतो, आणि भोकातून शिरणारा ओलावा गंज वाढवतो. छताला पोपडे, तडे किंवा गंजाचे डाग असतील तर तेथे काहीही टांगू नये, आणि जमिनीवर उभ्या चौकटीतूनच दांड्या घ्याव्यात, हाच सुरक्षित मार्ग मानला जातो. टांगायचेच असेल तर कागदी डँगलरसारखी वजनहीन वस्तू टांगावी.

जमिनीचाही हिशेब असतो. भारतीय मानक आयएस ८७५च्या दुसऱ्या भागानुसार राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, तर किरकोळ दुकानासाठी ४ किलोन्यूटन भार धरला जातो. राहते घर दुकानात बदलले की कागदोपत्री भार दुप्पट होतो, स्लॅब मात्र तोच राहतो. एका जीन्सची घडी २५ × ३५ सेंटिमीटरची आणि अडीच सेंटिमीटर जाडीची धरली, तर दीड मीटर उंच थप्पी आपल्याखालच्या जागेवर चौरस मीटरला सुमारे ४१० किलो भार टाकते. म्हणजे वरच्या मजल्यावरील खोलीत किंवा पोटमाळ्यावर अशा थप्प्या भिंतीपासून भिंतीपर्यंत लावल्यास दुकानासाठी धरलेली मर्यादाही गाठली जाते. हलका रॅक घेऊन काही किलो वाचवणे आणि त्यावर शेकडो किलो रचणे हा विरोधाभास व्यवहारात सर्रास आढळतो.

साहित्य

पोलादी नळी व पत्रा हे आजही सर्वाधिक वापरात आहेत. पोलादाची घनता दर घनमीटरला ७,८५० किलो असली तरी त्याचा ताठपणा अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट आहे. अॅल्युमिनियमची घनता २,७०० किलो असल्याने वजनाच्या मानाने दोघांचा ताठपणा सारखाच येतो, पण अॅल्युमिनियमच्या नळ्या जाड व रुंद घेता येतात आणि गंजत नाहीत. घडीच्या स्टँडसाठी ते सोयीचे, किमतीला मात्र चढे. स्टेनलेस स्टीलमध्ये बाजारात ‘२०२’ व ‘३०४’ असे दोन प्रकार चालतात. स्वस्त ‘२०२’ दमट हवेत लवकर डागाळते. छिद्रे पाडलेल्या अँगलचा सुटा रॅक मूळ ग्रीक वंशाचे ऑस्ट्रेलियन अभियंता डिमिट्रियस कोमिनो यांनी प्रचारात आणला. त्यांनी १९४७ मध्ये लंडन येथे डेक्सियन ही कंपनी स्थापन केली. नट-बोल्टांनी हवा तसा जोडता येणारा हा रॅक आता भारतात गावोगावी बनतो.

नालीदार पुठ्ठा हा सर्वांत हलका आणि सर्वांत गैरसमज असलेला पदार्थ आहे. त्याचे पहिले पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली उंच टोप्यांच्या अस्तरासाठी घेतले गेले. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या गुंडाळण्यासाठी वापरला. दोन सपाट कागदांमध्ये लाटांचा कागद चिकटवला की आगपेटीच्या चिपेसारखेच पदार्थ मध्यापासून दूर जातो आणि ताठपणा येतो. बाजारात तो तीन, पाच व सात पदरी मिळतो. उभ्या डिस्प्लेत लाटांच्या नळ्या उभ्या ठेवाव्या लागतात. त्या आडव्या झाल्या तर पुठ्ठा सहज चेपतो. बराचसा भार कोपऱ्यांत जात असल्याने हाताला खाच किंवा खिडकी हवी असल्यास ती कोपऱ्यापासून दूर कापतात. खाचेत खाच अडकवून उभी राहणारी, डिंक न लागणारी रचना गणपतीच्या घडीच्या पुठ्ठ्याच्या मखरांमुळे मुंबई-ठाण्यातील घरांना परिचित आहे.

मार्च २०१८च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर बंदी आणली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीसाठी थर्माकोल तसेच १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलक वापरण्यास मनाई झाली. त्यानंतर पुठ्ठ्याचा वापर दुकानांतही वाढण्यास वाव मिळाला. पावसाळा हा त्याचा शत्रू आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेली की पुठ्ठ्याची दाब सोसण्याची ताकद साधारण निम्मी होते. भार आठवडेच्या आठवडे राहिला तर ती आणखी घटते. म्हणून पुठ्ठ्याचा डिस्प्ले चाचणीत जेवढा भार सोसतो, त्याच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याएवढाच माल त्यावर ठेवण्याचा प्रघात आहे. उन्हाळ्यात उभा केलेला डिस्प्ले जुलैत गुडघ्यांतून बसतो, त्याचे कारण बहुधा हा हिशेब न केलेला असतो.

पाऊस आणि पूर

२६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत उल्हास खोऱ्यातील सखल भाग पाण्याखाली गेला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. नदीकाठच्या आणि नाल्यालगतच्या दुकानांत यामुळे मांडणीचा एक पेच निर्माण होतो. स्थैर्यासाठी जड माल खाली हवा, आणि पुरापासून बचावासाठी खाली काहीच नको. याची तोडगे म्हणून वापरली जाणारी रीत अशी की तळाची फळी जमिनीपासून १५ ते ३० सेंटिमीटर उचलून तेथे पाण्याने न बिघडणारा जड माल, उदाहरणार्थ प्लास्टिक, स्टीलची भांडी किंवा सीलबंद डबे ठेवावेत आणि कापड त्यावरील फळीपासून सुरू करावे. कापडाच्या दुकानात असा जड माल नसतो. तेथे रॅक भिंतीला दोन ठिकाणी अडकवणे हाच पर्याय उरतो.

एमडीएफ पाण्यात फुगतो आणि वाळल्यावर मूळ आकाराला येत नाही, त्यामुळे जमिनीला टेकणारा भाग त्याचा नसावा. पावडर कोटिंग केलेल्या नळीच्या कापलेल्या टोकांना आतून रंग पोहोचत नाही. पाय ओल्या लादीवर उभा असेल तर गंज आतून चढतो आणि बाहेरचा रंग शाबूत असताना पाय ठिसूळ होतो. पायाला प्लास्टिकची टोपी घालतात ती लादीवर ओरखडे पडू नयेत म्हणून, असा समज आहे. टोपीला खालून भोक नसेल तर ती पाणी साठवते आणि उलटाच परिणाम करते.

आग आणि वाट

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीत आगीपासून बचावाची साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर आहे. माल-मांडणीशी याचा थेट संबंध येतो. दाटीने टांगलेले कपडे, पुठ्ठा, फोमचे फलक आणि वर दिव्यांची उष्णता यांत आग भिंतीवरून वर झपाट्याने चढते. दिवा आणि कापड यांत मोकळी जागा ठेवणे, जाळीच्या रॅकमध्ये विजेच्या तारा न गुंफणे आणि वीजफलकासमोर स्टँड न लावणे ही किमान काळजी होय.

हलका स्टँड उचलायला सोपा असतो, म्हणूनच तो वाटेत येतो. सणाच्या दिवसांत गाळ्याच्या एकमेव दारात स्टँड उभे केले की आतल्या गिऱ्हाइकांसाठी बाहेर पडण्याची रुंदी निम्म्यावर येते. गोंधळात असा स्टँड उलटला तर त्याच्या नळ्यांत व हँगरांत पाय अडकतात आणि मागून येणारी माणसे त्यावर पडतात. त्यामुळे दारातील स्टँडचे पाय वाटेच्या आत पसरलेले नसावेत, तो दाराच्या एका बाजूला भिंतीशी साखळीने किंवा हुकाने बांधलेला असावा आणि तो हुक आतून एका हाताने सुटावा.